आखूड केस आणि कातरीचा विवेक
(प्रस्तावना)

मनुष्याच्या मस्तकावरील केस दरमहा सुमारे अर्धा इंच वाढतो. कमरेपर्यंत रुळणाऱ्या वेणीच्या हिशेबी ही वाढ जमेस धरण्याजोगीही नसते. परंतु जिच्या डोक्यावरील केस अवघे दोन इंच ठेवलेले आहेत तिच्या बाबतीत सहा आठवड्यांत त्या लांबीत पाऊण इंचाची, म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक भर पडते, आणि ज्या आकृतीसाठी ती केशकर्तनालयाची पायरी चढली ती आकृती तोवर निराळीच काहीतरी झालेली असते. आखूड, थरांत कापलेल्या आणि टोकांशी मोकळ्या केलेल्या केशरचनेविषयी जे काही सांगण्यासारखे आहे ते बहुतेक सारे या एका हिशेबातून निघते. अशा कापणीची परीक्षा दुकानातील आरशासमोर होत नाही. तेथे ब्रश, गरम हवा आणि मेण यांच्या साहाय्याने कोणतेही काम घटकाभर सुबक दिसू शकते. खरी परीक्षा घरी, स्वतःच्या हाताने केस धुऊन पुसल्यावर, पंधराव्या दिवशी आणि चाळिसाव्या दिवशी होते. आणि त्या परीक्षेस उतरणारी कापणी कशी करावी हाच या पुस्तकाचा विषय आहे.

ज्या रचनेचा येथे विचार केला आहे तिला आपल्याकडील सलूनांत कोणी बॉयकट म्हणतात, कोणी पिक्सी म्हणतात, तर कोणी नुसते ‘शॉर्ट लेयर’ म्हणून मोकळे होतात. नावे कोणतीही असोत, लक्षणे ठरलेली आहेत : मानेशी निमुळते होत गेलेले केस, कानाच्या आसपास उघडी राहिलेली कड, माथ्यावर थोडी अधिक लांबी, कपाळावर तिरकी किंवा तुटक झालर, आणि टोके एका रेषेत न ठेवता जाणूनबुजून विषम केलेली. पेंढ्याने शाकारलेल्या छपरात वरचा थर खालच्यावर पडतो, पण त्याचे टोक झाकीत नाही, तशी या रचनेत प्रत्येक बट खालच्या बटेवर विसावते आणि तिच्याआधीच थांबते. या थांबण्याच्या जागा कोठे असाव्यात हे ठरविणे म्हणजे थर कापणे. आणि त्या जागा एकमेकींत बेमालूम मिसळाव्यात की वेगवेगळ्या उठून दिसाव्यात हे ठरविणे म्हणजे पोत देणे. पहिले काम मोजमापाचे आहे, दुसरे नजरेचे. दोहोंचा क्रम उलटला की काम बिघडते.

स्त्रीच्या डोक्यावरील आखूड केसांचा इतिहास समजला जातो त्याहून जुना आहे. १७९१ साली पॅरिसमध्ये व्होल्तेरच्या ‘ब्रूटस’ नाटकात तितुसची भूमिका करताना ताल्मा या नटाने रोमन पुतळ्यांसारखे आखूड केस केले, आणि त्याच दशकात क्रांतीच्या धुमश्चक्रीतून बाहेर पडलेल्या त्या शहरातील पुरुषांनीच नव्हे तर स्त्रियांनीही ‘तितुस’ याच नावाने विस्कटलेल्या, असमान टोकांच्या आखूड केसांचा रिवाज पाडला. तो फार टिकला नाही. पुढे शतकभर युरोपात स्त्रीचे केस वाढवावेत, गुंफावेत, पिनांनी उभे करावेत आणि तापवलेल्या चिमट्यांनी कुरळे करावेत, परंतु कापू नयेत, असाच दंडक राहिला. १९०९ साली पॅरिसमध्ये अंत्वान या नावाने प्रसिद्ध असलेल्या पोलिश केशकाराने जोन ऑफ आर्कची प्रतिमा मनात धरून एका अभिनेत्रीचे केस मानेपर्यंत कापले, आणि पहिल्या महायुद्धानंतर बॉब कापणीची लाट युरोप-अमेरिकेत पसरली.

त्या लाटेतील एक तपशील आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. १९२० नंतरच्या काळात केस कापून घ्यावयास निघालेल्या अनेक अमेरिकन स्त्रियांना पुरुषांच्या दुकानात जाऊन बसावे लागले. कारण स्त्रियांचे केशकार लांब केस सजविण्यात कितीही निष्णात असले तरी कातर चालविण्याची तालीम त्यांना नव्हती, आणि ती होती ती गल्लीतल्या न्हाव्यापाशी. मानेवरचे केस फणीवर उचलून कातरीने क्रमाने बारीक करीत नेण्याची जी रीत पुरुषांच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या घोटली गेली होती, तिच्याच जोरावर मानेशी निमुळती होणारी शिंगल कापणी आणि पुढे त्याहून आखूड ईटन क्रॉप सिद्ध झाली. जिला आज फॅशनच्या दुनियेतील नाजूक कला समजतात तिचा पाया साध्या न्हाव्याच्या हुन्नराने घातला, ही गोष्ट आपल्या व्यवसायातील प्रत्येकाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

१९५३ च्या ‘रोमन हॉलिडे’ चित्रपटात आपल्या देशाच्या वकिलातीतून निसटलेली राजकन्या रोममधील एका केशकर्तनालयात शिरते आणि लांब केस कापावयास सांगते. केशकार बिचकतो, एवढेच का, आणखी वर का, असे पुनःपुन्हा विचारतो, आणि ती प्रत्येक वेळी आणखी वर असेच सांगते. ऑड्री हेपबर्नच्या त्या कापणीचे अनुकरण जगभर झाले. चार वर्षांनी ‘सेंट जोन’मध्ये आणि १९६० साली गोदारच्या ‘ब्रेथलेस’मध्ये जीन सीबर्गने त्याहूनही आखूड केस पडद्यावर आणले. तथापि चित्रपटांनी इच्छा उत्पन्न केली. शास्त्र निर्माण केले ते लंडनमध्ये व्हिडाल ससून याने. व्हाइटचॅपेल या गरीब वस्तीतील एका दुकानात वयाच्या चौदाव्या वर्षी उमेदवारीस लागलेल्या या मनुष्याने १९५४ साली बाँड स्ट्रीटवर स्वतःचे सलून थाटले. आठवड्यातून एकदा येऊन रोलर लावावयाचे, टोपासारख्या यंत्राखाली वाळत बसावयाचे आणि लाखेसारख्या फवाऱ्याने ते सारे जखडून टाकावयाचे, हा त्या काळचा शिरस्ता होता. ससूनने बाउहाउस परंपरेतील वास्तुरचनेपासून धडा घेऊन असे ठरविले की, आकार कापणीतच असला पाहिजे; केस धुतले, झटकले, की ते आपोआप आपल्या जागी पडले पाहिजेत. १९६३ साली नॅन्सी क्वान या नटीच्या लांब केसांवर त्याने केलेली कापणी या विचाराचा पहिला मोठा दाखला ठरली, आणि त्यानंतर दोनएक वर्षांत त्याची पाच टोकांची कापणी जगाने पाहिली.

ससूनच्या रेषा मात्र कठोर होत्या. त्या रेषा मोडून त्यांतून हालचाल काढण्याचे काम पुढच्या पिढीने केले. स्कॉटलंडात जन्मलेल्या ट्रेव्हर सॉर्बीने १९७४ साली ससूनच्याच सलूनात ‘वेज’ ही पाचरीच्या आकाराची थरयुक्त कापणी सिद्ध केली, आणि अर्धवट ओले केस मुठीत चुरगाळून वाळविण्याची जी रीत आज सर्वत्र रूढ आहे तीही त्याच्याच नावावर आहे. १९७६ च्या इन्सब्रुक येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या डोरोथी हॅमिल या अमेरिकन स्केटरच्या डोक्यावर याच जातीची कापणी होती. ती गरगर फिरे तेव्हा केस पंख्यासारखे उघडत आणि ती थांबताच जसेच्या तसे मिटत. थरांच्या कापणीचे याहून चांगले प्रात्यक्षिक कोणत्याही केशकाराला देता आले नसते.

आपल्या प्रांतात या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रस्तुत लेखकास प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या समाजात विधवेचे केस बळजबरीने वस्तऱ्याखाली घालण्याचा प्रघात होता, त्या समाजाच्या मनात स्त्रीचे आखूड केस आणि तिचा अपमान यांची गाठ फार घट्ट बसलेली होती. ती गाठ सोडविण्यात सुधारकांचा जसा वाटा आहे तसाच वस्तरा हाती असलेल्यांचाही आहे : १८९० साली मुंबईत सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. बलुत्यावर जगणाऱ्या, गावकीच्या हुकमाबाहेर जाणे ज्यांना परवडणारे नव्हते अशा जातीतील लोकांनी हा निश्चय केला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याची किंमत कळते. आज त्याच हातांतील कातर स्त्रीने स्वतःहून मागितलेल्या कापणीसाठी उचलली जाते. म्हणून खुर्चीत बसलेल्या स्त्रीला ‘घरी विचारलेत का’ असे विचारणाऱ्या कारागिराला आमचे सांगणे आहे की, तो प्रश्न आपल्या अधिकारातला नाही. आपण विचारावयाचे ते एवढेच की, केस सकाळी वाळवावयास तुम्हांला किती वेळ असतो, तेल लावता का, आणि पुन्हा किती दिवसांनी येणे जमेल.

आता प्रत्यक्ष डोक्याकडे वळू. लांब केस स्वतःच्या भाराने खाली ओढले जातात, त्यामुळे ते मुळाशी कोणत्या दिशेने उगवतात हे सहसा दिसत नाही. केस दोन इंचांवर आला की हा भार नाहीसा होतो आणि प्रत्येक केस आपल्या उगमाची दिशा बोलून दाखवितो. माथ्यावरचा भोवरा, जो बहुतेकांच्या डोक्यावर उजवीकडे वळतो आणि काहींच्या डोक्यावर दुहेरी असतो; कपाळाच्या कडेला उलटी उभी राहणारी बट; मानेवर खालून वर किंवा दोन्ही बाजूंनी मध्याकडे वाढणारे केस : या तीन ठिकाणांची पाहणी केस कोरडे असताना, पाणी लावण्यापूर्वी, व्हावयास हवी. ओला केस लबाडी करतो. पाण्याने केसातील हायड्रोजनचे बंध सैल होतात, केस वजनाने चपटा बसतो, ताणला तर निरोगी केस जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत लांबू शकतो, आणि वाळला की पुन्हा आखडतो. भोवऱ्यावरचे केस आजूबाजूच्या मापाने कापले तर ते उभे राहणारच. तेथे बोटाच्या रुंदीइतकी अधिक लांबी ठेवावी, म्हणजे त्यांच्याच वजनाने ते बसतात. कानावरून फणी ओढताना कान दबतो आणि सोडल्यावर वर येतो, म्हणून कानाभोवतीची रेषा ताण न देता, केस नुसते विसावू देऊन कापावी. कपाळावरची झालर तर ओली असताना हव्या असलेल्या लांबीच्या बरीच खाली थांबवावी आणि अखेरचे माप कोरड्या केसावर घ्यावे.

थरांचे गणित कोनांचे आहे. बटेला डोक्याच्या पृष्ठाशी काटकोनात उचलून सर्वत्र एकाच लांबीवर कापले असता कापणी डोक्याच्याच आकाराची होते. पंचेचाळीस अंशांवर उचलले असता खालचे केस आखूड, वरचे लांब राहून कडेशी भार साठतो. आणि काटकोनाहून वर उचलले असता वरचे केस आखूड होऊन खालचे लांबतात व भार विरळ होतो. उत्तम आखूड कापणीत तिन्हींचा उपयोग असतो. मागच्या बाजूस, कवटीच्या उंचवट्याखाली केस निमुळते करीत आणावेत, उंचवट्यावर भार राहू द्यावा, कारण तेथे ठेवलेला भारच चपट्या डोक्याला गोलाई देतो. आणि माथ्यावर, जेथे डोके बाजूंकडून वर वळते त्या वळणापासून पुढे, काटकोनाचे थर घ्यावेत. पहिली कापलेली बट ही मार्गदर्शक बट. पुढच्या प्रत्येक उचलीत तिचे टोक फणीच्या दातांत दिसलेच पाहिजे; ते दिसेनासे झाले की तेथेच थांबून ती शोधावी, अंदाजाने पुढे जाऊ नये. आडव्या भागांनी कापलेले डोके उभ्या भागांनी तपासावे. आपल्याकडील काळ्या, जाड, सरळ केसावर ही तपासणी दुप्पट अवश्य आहे, कारण त्या केसावर थरांची प्रत्येक पायरी दुरूनही वाचता येते. बारीक, भुऱ्या केसावर जी चूक मिसळून जाते ती येथे मिसळत नाही. परदेशी पुस्तकांतील आणि चलच्चित्रांतील धडे जसेच्या तसे गिरविणाऱ्या तरुण कारागिरांना जे अपयश येते त्याचे मुख्य कारण आमच्या मते हेच आहे.

पोत देण्याचे काम केस वाळल्यानंतरचे. हे वाक्य आम्ही पुस्तकात ठिकठिकाणी पुन्हा लिहिले आहे, आणि तसे मुद्दाम केले आहे. कातर उभी धरून टोकांत शिरवावी, म्हणजे सरळ रेषेऐवजी लहानमोठी टोके राहतात. कातर किंचित उघडी ठेवून बटेवरून घसरवीत आणावी, म्हणजे बट निमुळती होते. दात्यांची कातर, जिला आपण थिनिंग म्हणतो, ती बटेच्या मध्यापासून खालीच चालवावी. ती मुळाशी चालविण्याची सवय आपल्या बाजारात फार फैलावली आहे आणि तिच्याइतके नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही : जाड केसांचे मुळाशी राहिलेले आखूड खुंट आठवड्याभरात वाढून वरच्या केसांना आतून ढकलू लागतात, आणि गिऱ्हाईक तक्रार करते की केस कमी करावयास सांगितले तर ते फुगले. वस्तऱ्याने टोके मऊ होतात हे खरे, परंतु वरील नियमाला अपवाद म्हणून वस्तरा नेहमी ओल्या केसावर आणि ताज्या पात्याने चालवावा. कुरळ्या किंवा रुक्ष केसावर तो शक्यतो उचलूच नये, कारण तेथे टोके फाटून धूसर दिसू लागतात. कातरीची गोष्ट निराळी सांगावयास नको. बोथट कातर केस कापीत नाही, तो दुमडते. साडेपाच इंचांची, हातात बसणारी, वेळेवर धार लावलेली एक कातर आणि एक दात्यांची कातर यांवर हे सारे काम होते, मोठ्या पेटीची गरज नाही.

कोठे थांबावे याला नियम नाही. टोके मोकळी करीत असताना एक क्षण असा येतो की आरशातील आकृती हलकी झालेली असते, पण तिची कड अजून शाबूत असते. तेथून आणखी दहा वेळा कातर चालविणारा कारागीर मेहनती असतो, परंतु जाणता नसतो. गिऱ्हाइकाला मान हलवावयास सांगावी, बोटे केसांतून फिरवावयास सांगावी, आणि केस आपल्या जागी परतले तर कातर ठेवून द्यावी.

सजावटीविषयी फार लिहावे असे आम्हांस वाटत नाही, कारण कापणी नीट झाली असल्यास ती पाच मिनिटांची गोष्ट आहे. वाळविण्याच्या यंत्राची हवा मुळाकडून टोकाकडे जावी. मुळे आधी वाळवावीत आणि वाळताना बोटांनी दोन्ही दिशांना फिरवावीत, म्हणजे भांग एका जागी घट्ट होत नाही. शेवटी थंड हवा द्यावी, कारण पाणी निघून जाताना आणि केस निवताना जो आकार असतो तोच तो धरून ठेवतो. मेण किंवा क्ले बोटाच्या पेरावर मावेल इतकेच घ्यावे, तळहातांवर पूर्ण चोळून नाहीसे करावे, आणि मागच्या बाजूपासून लावीत येऊन कपाळावर सर्वांत शेवटी हात न्यावा. मुंबईत आणि कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणा केसातील तेच हायड्रोजनचे बंध पुन्हा सैल करतो, म्हणून यंत्राने सरळ केलेले केस स्टेशनपर्यंतही टिकत नाहीत. त्या ऋतूत केसाच्या स्वाभाविक वळणाविरुद्ध जाणारी सजावट गिऱ्हाइकाला शिकवू नये. वळण आहे तसे राहू देऊन त्याच्या सोयीने थर कापावेत. तसेच तेल लावलेल्या केसावर कापणी करू नये, आधी धुवावे. पण तेल सोडण्याचा उपदेशही करू नये. रात्री लावून सकाळी धुण्याची सवय या कापणीशी पूर्णपणे जुळणारी आहे.

हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिले आहे त्यांपैकी अनेकांनी हे कसब वडिलांकडून किंवा मामांकडून, दुकानात झाडू मारीत आणि पाणी भरीत, डोळ्यांनी टिपून घेतलेले आहे; काहींनी अकादमीत मोठी फी भरून सनद मिळविली आहे; आणि अलीकडे ब्यूटी पार्लरमधून पुढे आलेल्या अनेक भगिनी कोणत्याही परंपरेच्या आधाराशिवाय या कामात उतरल्या आहेत. या तिन्ही वर्गांना एकमेकांचे ज्ञान मिळत नाही, कारण आपल्या भाषेत ते लिहून ठेवण्याचा रिवाजच पडला नाही. दुकानात जो कारागीर फणीवर कातर धरून मानेवरचा केस डाग न ठेवता मिटवितो त्याच्या बोटांत जी विद्या आहे ती त्याच्याबरोबर नाहीशी होते. याचे दुःख आम्हांस फार आहे, आणि हे पुस्तक त्या दुःखातूनच लिहिले गेले आहे.

म्हणून वाचणाऱ्या कारागिरांस विनंती की, यातील एखादी रीत आपल्या हाताला पटली नाही तर ती कोणत्या जातीच्या केसावर, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या हत्याराने करून पाहिली असता फसली हे चार ओळींत लिहून प्रकाशकांकडे अवश्य धाडावे. भाषा शुद्ध असण्याची अट नाही. पुढील आवृत्तीत अशा प्रत्येक नोंदीला लिहिणाऱ्याच्या संमतीने जागा दिली जाईल.